सरस्वतीची हजेरी

५ जानेवारी, सोमवार

मॅडमनी रोज डायरी लिहायला सांगितलंय, तीही इंग्रजीत. मी मराठीत लिहितोय. त्या काही घरी येऊन तपासणार नाहीत. आणि इंग्रजीत लिहायचं तर माझी डायरी "आय ॲम हिरामण घरत" एवढ्यावरच संपेल.

आजपासून मी इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जायला लागलो. वयाची साठी उलटली. क्लास माझा नाहीच, सरस्वतीचा. नवरात्रात तिने नाव घातलं आणि दिवाळीनंतर ती गेली. सकाळी पाण्याची मोटर लावायला खाली उतरली आणि तिथेच पडली. मी वर चहाची वाट बघत बसलो होतो.

मिथुन, आमचा मुलगा, फी परत मागायला गेला होता. क्लासवाले म्हणाले फी परत मिळत नाही, पण घरातलं दुसरं कोणी तिच्या जागी बसू शकतं. मिथुन म्हणाला, सोडून द्या. मी म्हटलं, मी जातो, भरलेली फी फुकट का घालवायची? तो माझ्याकडे बघत राहिला. त्यात बघण्यासारखं काय होतं कळलं नाही.

शुभदा मॅडम मोबाईलमध्ये बघून हजेरी घेतात. "सरस्वती घरत" म्हणाल्या. कोणीच बोलेना, तेव्हा मी हात वर केला आणि "प्रेझेंट" म्हटलं. मागच्या मुली फिसकन हसल्या. मॅडम म्हणाल्या, "अंकल, नाव चेंज करून घेते ना." मी म्हटलं, राहू द्या, नावाने काय फरक पडतो.

७ जानेवारी, बुधवार

या सरस्वतीला इंग्रजी कशाला हवं होतं? तर भांडायला. आमचं गाव विमानतळात गेलं आणि बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला. त्यावर तीन मजले चढवले. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली भाडेकरू. पूर्वी भाडेकरू आपल्यासारखे असायचे, चार शब्द सुनावले की ऐकायचे. आता विमानतळावर नोकरीला लागलेली पोरं-पोरी येतात. कोण कुठला, कोण कुठली. सरस्वती मराठीत तोंड सोडायची आणि ही पोरं "सॉरी आंटी" म्हणून दार लावून घ्यायची. हे तिला फार लागायचं. म्हणायची, भांडण समजलंच नाही तर भांडून उपयोग काय?

मॅडमनी या महिन्यात एकच क्रियापद घेतलंय, कीप. म्हणाल्या, हे एक नीट आलं तर निम्मं इंग्रजी आलं. कीप म्हणजे ठेवणं. कुत्रा कीप करायचा म्हणजे पाळायचा. शब्द कीप करायचा म्हणजेही पाळायचा. दुकान कीप करायचं म्हणजे चालवायचं. फळ्यावर बरंच लिहिलं, मी उतरवून घेतलं. हात चालत होता, डोक्यात काही शिरत नव्हतं.

मला वाक्य विचारलं. मी म्हटलं, "आय कीप बॅग ऑन टेबल." मॅडम म्हणाल्या, "अंकल, ही आपल्या सगळ्यांची मिस्टेक आहे. आपण प्रत्येक ठेवण्याला कीप लावतो. नुसतं ठेवून दिलं तर पुट. कीप म्हणजे आपल्याजवळ राहू द्यायचं."

मी मान हलवली. पिशवी टेबलावरच होती.

११ जानेवारी, रविवार

उरणहून वामनशेठ आले होते. त्यांची सुचिता आणि आमचा मिथुन यांचं लग्न दसऱ्यालाच ठरलंय. सुपारी सरस्वतीनेच फोडली होती. वामनशेठ बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "व्याही, मानूस गेलेल्या घरात वरसाच्या आत लगीन झाला तर झाला, नायतर तीन वरसा थांबाचा. माजी आई खाटेवर हाय. तिला नातीची हलद बघाची हाय."

मी म्हटलं, करूया की.

म्हणाले, "मंग टाक?"

आमच्या घरात माणूस गेलं की त्याचा टाक करतात. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठशाने उठवलेली मूर्ती. तो देव्हाऱ्यात बसवायचा. त्या दिवसापासून ते माणूस घरच्या देवांत जमा. लग्नात हळदीच्या आधी धवलारीण गाणं म्हणून सगळ्या देवांना नाव घेऊन बोलावते, त्यात घरातली गेलेली माणसंही आली. टाक बसला नसेल तर आमच्यात हळद लागत नाही. सरस्वतीचा टाक अजून झालेला नाही.

म्हटलं, जातो सोनाराकडे. त्यात काय मोठंसं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. पहिल्या मजल्यावरच्या मुलीने तिळाचा लाडू आणून दिला. खाल्ला. गोड असावा. क्लासला चारच जण होते. "सरस्वती घरत." "प्रेझेंट."

१८ जानेवारी, रविवार

पनवेलला शिवराम सोनाराकडे गेलो. आमचे सगळे टाक त्यांच्याच दुकानातले. त्यांनी एक तयार टाक दाखवला. उभी बाई, नाकात नथ, डोक्यावर पदर, हात जोडलेले. मी म्हटलं, ही सरस्वती नाही.

ते म्हणाले, "हिरामणशेठ, बाईचा ठसा एकच असतो. आमच्या वडलांपासून हाच."

मी म्हटलं, तिचं नाक बसकं होतं. हात जोडून तर ती कधी उभी राहिली नाही, एक हात कमरेवर असायचा. शिवराम हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, बघतो हाताने काही करता येतं का. पुढच्या आठवड्यात या.

येताना डोक्यावरून विमान गेलं. इतकं खालून जातं की खिडक्या मोजाव्यात. धावपट्टी जिथे आहे तिथे कुठेतरी आमची पडवी होती. गाव सोडताना सरस्वतीने सामानाच्या टेम्पोत देवांना ठेवू दिलं नाही. सगळे टाक ओटीत घेऊन पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. कोणाला हातही लावू देईना.

२१ जानेवारी, बुधवार

मॅडमनी घरातली वाक्यं आणायला सांगितली होती. कीप वापरून. कोणी म्हणालं, माय मदर कीप्स द हाउस क्लीन. कोणी म्हणालं, कीप क्वाएट. माझी पाळी आली तेव्हा मला एकच वाक्य येत होतं. आमच्या जिन्यात पुठ्ठ्यावर लिहून टांगलेलं आहे: कीप चप्पल इनसाइड. सरस्वतीने स्केचपेनने लिहिलंय. अक्षर गिचमिड.

सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "काकूंचं ते पहिलं वाक्य. त्या मला विचारायच्या, तोंड सांभाळून बोल याला इंग्रजीत काय? आणि मी सांगितलं की मोठ्याने तीनतीनदा म्हणायच्या. सगळा क्लास हसून लोळायचा. त्या स्वतःही."

घरी ती क्लासबद्दल काही बोलायची नाही. मीही विचारलं नाही. ती इतकी हसायची हे मला आज कळलं. ऐकून बरं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर होतो ना, तसं मला दिवाळीपासून सगळीकडे झालंय. तक्रार नाही. दुखत तर नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

शिवरामांनी दुसरा टाक केला. एक हात कमरेवर घेतलाय. मेहनत दिसते. मी चष्मा लावून बघितला आणि म्हटलं, कपाळ लहान झालं. त्यांनी आतून चहा मागवला. चहा पिऊन मी उठलो. म्हटलं, राहू दे तुमच्याकडे, विचार करून सांगतो.

सोनाराने काम मन लावून करायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. मिथुनला वाटतं मी टाळाटाळ करतोय. मी कशाला टाळीन?

संध्याकाळी जिन्यात भाडेकरूंच्या चपलांचा ढीग होता. मी पहिल्या मजल्यावरच्या मुलीला बोलावून पुठ्ठा दाखवला आणि म्हटलं, "रीड. कीप चप्पल इनसाइड." इंग्रजीत भांडलो. ती मुलगी बिहारची आहे, विमानतळावर सामानाच्या काउंटरवर काम करते. तिने आपल्या चपला उचलल्या. मग वर आमच्या दाराकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "अंकल, वो भी तो बाहर है."

आमच्या दाराबाहेर सरस्वतीच्या चपला आहेत. मोटर लावायला जाताना ती अनवाणी गेली होती. मी म्हटलं, त्या असू देत.

८ फेब्रुवारी, रविवार

नवा टाक बसवायचा तर आधी जुने धुवायचे. म्हटलं, ते तरी करून ठेवू. दरवर्षी सरस्वती करायची, चिंचेने घासून. मी देव्हाऱ्यातून सगळे काढून ताटात घेतले. चिंच घातली, घासले, पुसून पाटावर मांडले. खंडोबा ओळखला, घोड्यामुळे. एकवीराही ओळखली. बाकीच्यांत बाप्ये दोन आणि बाया तीन. बायांत एक माझी आई, एक आजी आणि एक माझ्या बापाची पहिली बायको.

कुठली कोण, ते मला सांगता येईना.

तिन्हींना नथ, तिन्हींना पदर, तिन्हींचे हात जोडलेले. आईचा टाक मी स्वतः आणलाय पनवेलहून. तरी ओळखता आला नाही. देव्हाऱ्यातून काढताना क्रम लक्षात ठेवायला हवा होता, ते सुचलं नाही. सरस्वतीला बरोबर माहीत होतं. "या सासूबाई," म्हणून आधी कुंकू लावायची, मग बाकीच्यांना. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ते काम तिचंच. कशावरून ओळखायची कोण जाणे. विचारायचं राहिलं.

म्हणजे उद्या चौथी बाई आणून या रांगेत उभी करायची. मिथुनच्या मुलाबाळांनी दसऱ्याला घासायची आणि आपसांत विचारायचं, ही कोण? नाक बसकं केलं काय आणि सरळ केलं काय.

टाक जमेल तसे परत ठेवले. आई, चूकभूल माफ कर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

महिना उलटला तरी क्लासमध्ये कीपच चालू आहे, आज पुढचं घेतलं. कीप लावून पुढे क्रियापद आलं तर ते चालूच राहतं. कीप वॉकिंग म्हणजे चालत राहा. कीप वेटिंग म्हणजे वाट बघत राहा. ज्याला थांबवणारं कोणी नाही अशा सगळ्या गोष्टींना हे लागतं, असं मला आपलं वाटलं.

घरी आलो तर मिथुन दारातच उभा. वामनशेठचा फोन आला होता. त्यांच्या आईचं अवघड आहे. या महिन्यात टाक बसवून तारीख धरा, नाहीतर तीन वर्षं आमची पोर अडकवू नका, आम्ही दुसरीकडे बघतो, असं म्हणाले.

मिथुन म्हणाला, "पप्पा, तुमाला हे लग्न नकोय का? तसं सांगा ना मग. सुचिता रोज रडते फोनवर. सोनार बोलतो दोन टाक करून दिले, तुमी हातात घेऊन परत ठेवता. काय चाललंय काय तुमचं?"

मी म्हटलं, नीट व्हायला हवा ना टाक.

तो म्हणाला, "मम्मी माझी पन गेलीय."

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? तो आत जाऊन झोपला. जेवला नाही. त्याच्या वाटणीचं मी झाकून ठेवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

वेणूबाईकडे गेलो. आमच्या गावची धवलारीण. गाव गेलं तरी ती आहे. आता मुलाकडे फ्लॅटमध्ये राहते, लिफ्टला घाबरते. माझं आणि सरस्वतीचं लग्न तिनेच लावलं. म्हणजे मंत्र भटजींनी म्हटले, पण आमच्यात धवलारिणीने गायल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. तिच्यापुढे मी अजून पोरगाच.

तिने विचारलं, "टाक आनला क नाय रं?"

मी म्हटलं, वेणूआत्या, माझ्या आईचा टाक मला ओळखता येत नाही. सगळं सांगितलं. चिंच, ताट, तिन्ही बाया. नाक, कपाळ, कमरेवरचा हात. बोलत सुटलो. दिवाळीपासून इतकं कोणाशी बोललो नव्हतो.

तिने ऐकून घेतलं. सुपारी कातरत होती, ती थांबली नाही. मग म्हणाली, "मना तरी कं वलखता येतान? पन्नास घरांचं देव मी बोलावतंय. ताटात बगून बोलावतंय क मी? नाव घेतंय. तुजे आयशीचा नाव लक्ष्मी. लक्ष्मी म्हनला का ती आली. तोंड काय कराचा हाय?"

मग म्हणाली, "मिथूनचे हलदीला मी सगल्यांना बोलावनार. तुजा बापूस, तुजी आय, सगली येतील. आनी त्याची सोताची आय भायेर उभी? तिला आत घेतलं नाय तर मी कुठं बगून हाक मारू?"

बाहेर उभी म्हटल्यावर मला जिन्यातल्या चपला दिसल्या. का ते माहीत नाही. वेणूआत्याने सुपारी दिली. ती तोंडात धरून घरापर्यंत चालत आलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

क्लास बुडवला. पनवेलला गेलो. शिवरामांनी दोन्ही टाक पुढे ठेवले. मी पहिलाच घेतला, साधा, हात जोडलेला. ते म्हणाले, कमरेवर हात असलेला नको? त्याच्यावर फार वेळ गेलाय माझा. मी म्हटलं, आईला आणि आजीला शोभेल असा असू दे. एकीनेच कमरेवर हात ठेवला तर देव्हाऱ्यात भांडण लागेल.

शिवराम हसले. मीही हसलो असेन, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

टाक बसला.

वामनशेठ सकाळीच आले, सुचिताला घेऊन. वेणूआत्या तीन मजले जिने चढून आली. मिथुनने तांदळांवर टाक ठेवून दुधाने, पाण्याने धुतला. मी कुंकू लावलं. बोट घसरलं आणि कुंकू नाकावर आलं. सुचिता पुसायला पुढे झाली. मी म्हटलं, असू दे, सरस्वतीचं नेहमी असंच पसरायचं. खरंच पसरायचं. घामाने. इतके दिवस आठवलं नव्हतं.

वेणूआत्याचा आवाज आता फाटलाय. पण गायला लागली तेव्हा खालचे भाडेकरूसुद्धा जिन्यात येऊन उभे राहिले. खंडोबाला बोलावलं, एकवीरेला बोलावलं. माझ्या बापाला, आजोबांना, तिन्ही बायांना नावानिशी. प्रत्येक नावानंतर जरा थांबायची, कोणी ओ देतंय का बघितल्यासारखी. मग म्हणाली, सरस्वती. आणि थांबली.

मिथुन रडायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि माझ्या तोंडून क्लासमधलं उत्तर निघता निघता राहिलं. ओठांपर्यंत आलं होतं. कोणाला दिसलं नसावं.

टाक मी देव्हाऱ्यात आईशेजारी ठेवला. म्हणजे जी आई असावी असं वाटतं तिच्याशेजारी. सरस्वती आता आत आहे, त्या बघून घेतील आपसांत.

वामनशेठनी तिथेच पंचांग काढलं. एप्रिलमधला मुहूर्त निघाला. सुचिता माझ्या पाया पडली. सगळे जेवून गेल्यावर मी सरस्वतीच्या चपला आत घेतल्या. पुठ्ठ्यावर तिनेच लिहिलंय, तिलाही ते लागू.

२३ फेब्रुवारी, सोमवार

क्लासला गेलो. बाकावर बसलो, वही काढली. शुभदा मॅडमनी मोबाईल काढून हजेरी सुरू केली. एकेक जण प्रेझेंट म्हणत होता. मला माझी जागा आता पाठ झालीय, शेवंता भोईरनंतर.

"सरस्वती घरत."

माझा हात सवयीने वर गेला. मी तो खाली घेतला.

"ॲबसेंट," मी म्हटलं.

मॅडमनी वर बघितलं. वर्गात कोणी हसलं नाही. मॅडमना काय कळलं देव जाणे. मोबाईलवर बोट फिरवत राहिल्या, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. त्याला वेळ लागला. मी वहीकडे बघत होतो. वहीत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं.

"हिरामण घरत," मॅडम म्हणाल्या.

मला माहीत होतं काय म्हणायचं ते. एकच शब्द. तोंड उघडलं तर रडू आलं. भर वर्गात, पोरासोरांसमोर, मोठ्याने. थांबवता येईना. दिवाळीपासूनचं सगळं एकदम आलं. लाज वाटत होती आणि तरी येतच होतं. पहिल्या दिवशी माझ्यावर हसलेल्यांतली एक मुलगी मागच्या बाकावरून उठून आली आणि माझ्याशेजारी बसली. तिने माझा हात धरून वर केला.

"प्रेझेंट, मॅडम," ती म्हणाली.